प्रतिकारक वाण, पण किती अंशांपर्यंत?

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का असतो, शुद्धतेचा टक्का असतो, चाचणीची आणि वैधता संपण्याची तारीख असते. वाणाच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत 'मर रोगास प्रतिकारक' असंही छापलेलं असतं. ती प्रतिकारशक्ती किती अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, हे मात्र कुठेच नसतं. या पुस्तकाचा विषय तो न छापलेला आकडा आहे.

सुरुवात बासरपासून का, ते आधी सांगतो. बासर म्हटलं की गोदाकाठची ज्ञानसरस्वती आणि तांदळाच्या ताटात पहिलं अक्षर गिरवणारी लेकरं, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. नांदेड-परभणीकडून अक्षराभ्यासाला येणारी मंडळी स्टेशनवर उतरतात, दर्शन घेतात, हळदीचा प्रसाद पुडीत बांधून संध्याकाळच्या गाडीने परततात. वाटेवरच्या शेतांकडे फारसं कुणी बघत नाही. हा मुधोळ तालुक्याचा भाग 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो आदिलाबादला जोडला गेला. 2016 साली आदिलाबादची विभागणी झाली तेव्हा बासर निर्मल जिल्ह्यात आलं. जिल्हा दोनदा बदलला, राज्यही दोनदा बदललं. काळी माती, पेरणीचे दिवस आणि घरातली मराठी यांत काही फरक पडला नाही.

या पट्ट्यात थोड्या अंतरात फार वेगवेगळी पिकं भेटतात. मुधोळ-भैंसाच्या काळ्या रानात कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीला हरभरा, ज्वारी. नदी ओलांडली की निजामाबादचं धान आणि हळद. पश्चिमेला धर्माबाद, म्हणजे लाल मिरचीची जुनी बाजारपेठ. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं तेही निजामाबादलाच. संशोधनाचीही वानवा नाही. एका बाजूला परभणीचं कृषी विद्यापीठ आणि त्याचं बदनापूरचं कडधान्य केंद्र, दुसऱ्या बाजूला कम्मरपल्लीचं हळद संशोधन केंद्र, आणि हैदराबादच्या अलीकडे पाटनचेरूला 1972 पासून उभी असलेली इक्रिसॅट. तरीही झाडं वाळायला लागली की बांधावरचं बोलणं 'आता कोणतं औषध मारू?' याच्यापुढे सरकत नाही. वाळलेल्या झाडाला औषध मारून काही होत नाही, हे सांगणाऱ्यापेक्षा बाटली काढून देणारा दुकानदार जवळ असतो, हेही त्याचं एक कारण.

आता झाडाच्या प्रतिकारशक्तीबद्दल. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरत असतात, शरीरात कुठेही जंतू शिरला तरी तिकडे धावतात. झाडाकडे असं फिरतं पथक नाही आणि प्रतिपिंडंही नाहीत. गावात पोलीस चौकी नसावी आणि प्रत्येक घराने आपापल्या दाराशी काठी ठेवून निजावं, तसा झाडाचा कारभार असतो: प्रत्येक पेशी स्वतःची राखण स्वतः करते. ही राखण दोन पातळ्यांवर चालते. पहिली पेशीच्या पृष्ठभागावर. जिवाणूच्या शेपटीतलं प्रथिन किंवा बुरशीच्या भिंतीतलं कायटिन पेशीला ओळखू येतं आणि ती सावध होते. हुशार रोगकारक या सावधगिरीला गुंगारा देण्यासाठी स्वतःची प्रथिनं पेशीच्या आत सोडतात. तेव्हा दुसरी पातळी कामाला येते: पेशीच्या आत बसलेली, ती घुसखोर प्रथिनं नेमकी ओळखणारी प्रथिनं. ओळख पटली की ती पेशी आणि तिच्या शेजारच्या काही पेशी जाणूनबुजून मरतात आणि रोग तिथल्या तिथे कोंडला जातो. पानावर मोहरीएवढा तपकिरी ठिपका उमटतो, बाकी पान हिरवंगार. शेतकऱ्याला तो ठिपका रोगाचा वाटतो. खरं तर तो रोग हरल्याचा पुरावा असतो.

वाण पैदासकार 'प्रतिकारक' म्हणतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या पातळीवरच्या एखाद-दुसऱ्या जनुकाच्या जोरावर. 1905 साली इंग्लंडमध्ये बिफेन यांनी गव्हाची तांबेऱ्याला दाद न देण्याची खोड मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरते हे दाखवलं. 1940 च्या दशकात अमेरिकेत फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून झाडाचं एक जनुक आणि बुरशीचं एक जनुक यांची जोडी लावून दिली. तिथून पुढचं सगळं प्रतिकारक वाणांचं शास्त्र या पायावर उभं राहिलं. पाया भक्कम आहे. फक्त या सगळ्या प्रयोगांत तापमान बहुधा ठरावीक आणि सुखाचं असायचं.

तापमानाचा प्रश्न पहिल्यांदा ठळक झाला तो तंबाखूत. तंबाखूच्या एका रानटी भाईबंदातून आलेलं 'एन' नावाचं जनुक मोझॅक विषाणूला अडवतं. थंड हवेत अशा झाडाच्या पानावर विषाणू चोळला की दोन दिवसांत ठिपके पडतात आणि विषाणू त्या ठिपक्यांतच अडकून राहतो. तेच झाड 28 अंशांच्या वर ठेवलं तर ठिपके पडतच नाहीत. पान निरोगी दिसतं, आणि विषाणू आतल्या आत सगळ्या झाडभर पसरत जातो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात कसॅनिस यांनी 1952 साली अशा उष्णतेच्या परिणामांवर लिहिलं. खरी गंमत यापुढे आहे. असं आतून पोखरलेलं पण वरून हिरवं झाड पुन्हा थंडीत आणलं की 'एन' जनुक जागं होतं, विषाणू जिथे जिथे पोचला तिथल्या पेशींना मरणाचा हुकूम सोडतं, आणि तो तर सगळीकडे पोचलेला असतो. झाड एकदम कोलमडतं. उष्णतेत रोगाने झाड मारलं नाही. उशिरा जाग्या झालेल्या त्याच्याच प्रतिकारशक्तीने मारलं. हे जनुक 1994 साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं, तेव्हा ते पेशीच्या आतल्या पहारेकरी प्रथिनाचंच जनुक निघालं.

हा तंबाखूपुरता अपवाद नव्हता. टोमॅटोतलं 'एमआय' जनुक मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना रोखतं, पण जमीन 28 अंशांच्या वर तापली की त्याचा प्रभाव ओसरतो. हे 1969 पासून माहीत आहे. गव्हाच्या तांबेऱ्याविरुद्धची काही जनुकंही तापमान वाढलं की नरमतात. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर हरभऱ्याचं घ्या. इस्राएलमधल्या 'अयाला' नावाच्या वाणावर मर रोगाच्या बुरशीच्या एका प्रकाराने प्रयोग झाले. दिवसाला 24 अंश तापमान ठेवलं तेव्हा वाण बऱ्यापैकी टिकला. 27 अंशांवर नेलं तेव्हा पार बळी पडला. बुरशी तीच, बियाणं तेच. तीन अंशांत 'प्रतिकारक'चा 'संवेदनक्षम' झाला.

असं का होतं याचं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत हळूहळू मिळू लागलं. झाड रोगाशी लढताना सॅलिसिलिक ॲसिड तयार करतं. ॲस्पिरिनची गोळी याच रसायनाच्या कुळातली. 1979 साली रोथॅमस्टेडमध्येच व्हाइट यांनी तंबाखूला चक्क ॲस्पिरिन देऊन पाहिलं आणि मोझॅकला तोंड द्यायची ताकद वाढलेली आढळली. (हे वाचून पंपात ॲस्पिरिन कालवायला कुणी जाऊ नये. शेतावर मात्रा थोडी जास्त झाली की पानं करपतात.) अमेरिकेत शंग यांग ही यांच्या प्रयोगशाळेने अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या रोपट्यावर काम करून दाखवलं की तापमान 23 वरून 28-30 अंशांवर गेलं की सॅलिसिलिक ॲसिडचा कारखानाच बंद पडतो. आधी संशय होता तो झाडाला ऊब जाणवून देणाऱ्या प्रथिनांवर. ती वगळून पाहिली तरी कारखाना बंदच राहिला. शेवटी 2022 साली 'नेचर'मध्ये छापून आलेल्या त्यांच्या कामात खरा दोषी सापडला. सॅलिसिलिक ॲसिडचं उत्पादन सुरू करणारं एक मुख्य जनुक आहे, त्याचं नाव सीबीपी60जी. गारव्यात काही प्रथिनं एकत्र गोळा होऊन हे जनुक चालू करतात. उष्णतेत तो गोळा नीट जमत नाही, म्हणून जनुक गप्प राहतं. त्यांनी या जनुकाला असं बटण जोडून दिलं की जे उष्णतेत बंद पडत नाही, आणि झाड गरम हवेतही रोगाला तोंड देऊ लागलं. वाढ खुंटली नाही, हे विशेष. त्याआधी 2010 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जियान हुआ यांच्या गटाने दुसऱ्या दिशेने हाच प्रश्न पकडला होता. पहारेकरी प्रथिनातच बदल करून ते उष्णतेत टिकणारं करता येतं, असं त्यांनी दाखवलं.

इथे एक सावधगिरी लगेच घ्यायला हवी, नाहीतर पुस्तकाचा सगळा सूर चुकेल. अरॅबिडॉप्सिस हे थंड मुलखातलं रोपटं. 28 अंश म्हणजे त्याच्यासाठी वैताग. बासरला तर ती जानेवारीतली साधी दुपार. ज्वारीला, कपाशीला, हळदीला 28 अंश म्हणजे सुखाची हवा. त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा उचलून आपल्या शिवारात लावता येत नाही. प्रत्येक पिकाचा, प्रत्येक वाणाचा, किंबहुना प्रत्येक जनुकाचा उंबरठा वेगळा. तो कुठे आहे, हे आपल्या पिकांपैकी फार थोड्यांसाठी मोजलं गेलं आहे.

हरभरा त्या थोड्यांतला. म्हणून या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग हरभऱ्यावर आहे.

मुधोळ-भैंसा भागात सोयाबीन निघालं की ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हरभऱ्याची घाई सुरू होते. घाईला कारण आहे. हे कोरडवाहू पीक जमिनीतल्या ओलीवर येतं, आणि पाऊस सरल्यावर काळ्या रानाची ओल रोज थोडी थोडी उडून जाते. वाफसा आला की पेरून मोकळं व्हायचं, ही जुनी आणि शहाणी रीत. पण मर रोगाच्या बुरशीलाही पंचविशीच्या आसपासची उबदार जमीन मानवते, आणि 'अयाला'च्या प्रयोगात आपण पाहिलं की वाणाचा बांध याच तापमानात फुटू शकतो. म्हणून लवकर पेरलेल्या हरभऱ्यात मर जास्त दिसते, आणि कृषी विद्यापीठं थोडं थांबा, गारवा येऊ द्या असं सांगतात. गारवा मात्र आता वेळेवर येत नाही. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींप्रमाणे ऑक्टोबर 2024 हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. सरासरी तापमान नेहमीपेक्षा सव्वा अंशाने वर होतं, आणि रात्रीचं तापमान तर त्याहून जास्त चढलेलं. रात्रीची हवा उबदार राहिली की जमीनही सकाळपर्यंत नीट निवत नाही.

समजा शेतकऱ्याने सल्ला मानला आणि थांबला. मग ओल कमी झाली, पीक मागे पडलं आणि घाटे भरायची वेळ फेब्रुवारीत गेली. फेब्रुवारी 2025 देखील 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. त्या उन्हात हरभऱ्याला गाठणारा दुसराच रोग आहे: कोरडी मूळकूज. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या तापमानांना आणि वेगवेगळ्या ओलाव्याला हरभरा ठेवून पाहिला, तेव्हा 35 अंश आणि कमी ओलावा या जोडीत हा रोग सर्वांत जास्त फोफावला. म्हणजे लवकर पेरलं तर मर, उशिरा पेरलं तर मूळकूज. पूर्वी या दोन संकटांच्या मध्ये थंडीचा एक रुंद पट्टा होता. तो अरुंद होत चालला आहे. या पुस्तकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवावं.

वाळलेलं झाड कोणत्या रोगाने गेलं हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. झाड हळूच उपटा. मर असेल तर मूळ सहसा अखंड हाती येतं, बाहेरून फारसं बिघडलेलं दिसत नाही. नखाने किंवा ब्लेडने ते उभं चिरलं की मधोमध काळपट-तपकिरी रेघ दिसते. पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुरशीने तुंबलेल्या असतात. कोरडी मूळकूज असेल तर झाड उपटताना सोटमूळ मध्येच कडकन मोडतं, खालचं टोक जमिनीतच राहतं. बाजूची तंतुमुळं जवळपास नाहीशी झालेली असतात. साल बोटाने सोलली तर अलगद निघते आणि आतल्या लाकडावर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे कण दिसतात. झाडाचा रंग गवती, पेंढ्यासारखा. तिसरी शक्यता मानकुजीची. ती रोपावस्थेत, ओलसर उबेत येते. जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे गोल दाणे. तिन्ही रोगांना बोलीत 'मर लागली' असंच म्हटलं जातं, आणि तिन्हींवर एकच बाटली विकली जाते.

ते काळे कण मॅक्रोफोमिना या बुरशीचे. या पुस्तकात खलनायक कुणी असेल तर तीच. पाचशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर जगणारी, मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहणारी, आणि 30 ते 35 अंशांत सुखाने वाढणारी. ज्वारीतला खडखड्या हिचाच. सोयाबीनची कोळशासारखी काळी पडणारी खोडकूज हिचीच. तिळावर, सूर्यफुलावरही हीच. ज्वारीच्या खडखड्याचा अभ्यास महाराष्ट्रात फार आधी झाला. उप्पल, कोल्हटकर आणि पटेल यांनी 1936 साली करपलेल्या, पोकळ पडणाऱ्या ज्वारीच्या ताटांवर सविस्तर लिहिलं होतं. रब्बी ज्वारीचं कणीस दाणे भरत असताना ताटातली साखर वर ओढून घेतं. त्याच वेळी जमीन कोरडी आणि तापलेली असेल तर मुळांच्या, खालच्या पेरांच्या पेशींना काही उरत नाही. त्या म्हाताऱ्या होतात आणि बुरशी आत शिरते. वारा आला की ताट आडवं. ज्वारीच्या पट्ट्यातल्या जुन्या माणसांनी मालदांडी सोडली नाही याची कारणं भाकरीच्या चवीत आणि कडब्यात आहेत, तशीच ती अशा कोरड्या तापात तग धरण्याच्या तिच्या चिवटपणातही आहेत.

खडखड्यातलं अपयश तंबाखूच्या 'एन' जनुकासारखं नाही, हे ध्यानात घ्यावं. तिथे पहारेकरी झोपतो. इथे पहारेकऱ्याला शिधाच पोचत नाही. पहिल्यावर उपाय जनुकात शोधावा लागेल. दुसऱ्यावर जमिनीतली ओल टिकवणं, ताटांची गर्दी कमी ठेवणं, दाणे भरताना जमलं तर एक पाणी देणं, असे जुनेच उपाय आजही चालतात. उष्णतेमुळे प्रतिकारशक्ती जाते असं सरसकट म्हटलं की हा फरक पुसला जातो, आणि मग उपायही चुकतात.

ज्याचा उष्णतेशी संबंध नाही ते तिच्या माथी मारण्याचीही आता सवय झाली आहे. हळदीची कंदकूज घ्या. निजामाबादपासून वसमतपर्यंत हळदवाल्यांची ती मोठी डोकेदुखी. तिचं मुख्य कारण पाणी साचणं आणि रोगट बेणं. हवामान बदलाचं नाव घेऊन निचऱ्याची चारी न काढणं हा आळस झाला. कपाशीतली आकस्मिक मरही तशीच. लांबलेली उघडीप, कडक ऊन आणि मग अचानक जोरदार पाऊस झाला की भरात आलेली कपाशी काही तासांत मान टाकते. तिथे रोगजंतूच नसतो. मुळांना श्वास आणि पाणी यांचा मेळ बसवता येत नाही. बुरशीनाशकाची फवारणी करून हिशेबात खर्च तेवढा वाढतो. सोयाबीनचं उलट आहे. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पिवळ्या मोझॅकने आणि मूळकुजीने पिवळं पडलं. मूळकुजीत उष्णता आणि कोरडेपणा यांचा हात स्पष्ट आहे. मोझॅकमध्ये झाडाच्या कमजोरीइतकाच, बहुधा जास्तच, वाटा पांढऱ्या माशीचा. उबेत तिच्या पिढ्या भराभर होतात. धर्माबादच्या मिरचीवरचा चुरडा-मुरडा याच वर्गातला. झाड तितकंच सबळ असलं तरी चावणाऱ्या माशा दुप्पट झाल्या तर निकाल बदलतोच.

ऊन नेहमीच रोगाच्या बाजूने असतं असंही नाही. भुरीला गारवा लागतो. गव्हाचा तांबेरा आपल्याकडच्या मैदानातल्या उन्हाळ्यात जगत नाही. दरसाल तो थंड डोंगरांतून वाऱ्यावर येतो हे आग्र्याच्या के. सी. मेहतांनी दाखवून दिलं होतं. सगळी जनुकंही उष्णतेत नरमत नाहीत. गव्हातलं वायआर36 हे जनुक जरा गरम हवेतच आपलं काम करतं. धानाच्या जिवाणूजन्य करप्याविरुद्धचं एक्सए7 हे जनुक उष्णतेत उलट अधिक धारदार होतं. निजामाबादच्या धानपट्ट्याला ही बातमी हळदीच्या भावाइतकी महत्त्वाची वाटायला हरकत नाही. हैदराबादच्या संस्थांनी 2008 साली सांबा मसुरीत करपारोधक तीन जनुकं एकत्र बसवून सुधारित वाण दिलाच आहे. म्हणजे जनुकांची मोट बांधायचं कसब आपल्याकडे आहे. विषाणूंविरुद्ध झाडाची आणखी एक युक्ती असते, विषाणूचा संदेशच कापून टाकायची. ती थंडीत मंदावते आणि उबेत जोर धरते. एक दार उष्णतेने बंद होतं तेव्हा दुसरं थोडं उघडतंही.

शेतकऱ्याने तर उन्हाचा उपयोग कधीपासून करून घेतला आहे. उन्हाळी नांगरट करून ढेकळं मे महिनाभर तापत ठेवणं हे केवळ मशागतीसाठी नव्हतं. मातीतल्या रोगाचं बी तापवून मारण्याचाच तो प्रकार. ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती आणखी तापवण्याची पद्धत 1970 च्या दशकात इस्राएलमधून आली. उसाच्या बेण्याला गरम पाण्याची प्रक्रिया करून गवताळ वाढीसारखे रोग काढले जातात. रिकाम्या जमिनीचा ताप आणि उभ्या पिकाच्या मुळांशी असलेला ताप या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला हवा, दुसरा नको.

मग करायचं काय? पुढच्या प्रकरणांत पीकवार तपशील येईलच. इथे माझं मत तेवढं नोंदवतो. वाण तपासण्याची आपली पद्धत उत्तम आहे, पण ती अर्धी आहे. हरभऱ्याचे वाण रोगग्रस्त केलेल्या शेतात पेरून तपासतात. दर काही ओळींनंतर जेजी 62 हा हमखास मरणारा वाण लावलेला असतो. तो मेला आणि शेजारचा उभा राहिला की शेजारचा प्रतिकारक. विजय, जाकी 9218, जेजी 11 यांसारखे वाण अशा कसोट्या पार करून आले आणि त्यांनी मराठवाडा-तेलंगणाचा हरभरा वाचवला, यात शंका नाही. पण ती कसोटी त्या वर्षीच्या, त्या गावच्या थंडीत झालेली असते. मातीचं तापमान मुद्दाम दोन-तीन पायऱ्यांनी चढवून त्याच वाणांची पुन्हा परीक्षा घेणं आणि ज्या पायरीवर वाण कोसळतो तो आकडा माहितीपत्रकात छापणं, एवढं झालं तरी पुष्कळ होईल. त्याला नवी जादुई जनुकं लागत नाहीत. थर्मोस्टॅट असलेल्या टाक्या आणि थोडा संयम लागतो. कोरड्या मूळकुजीला दाद न देणारा पक्का वाण अजून हाती नाही. त्यामुळे तिथे मातीची ओल, फेरपालट आणि वेळेवर काढणी हेच आधार. हरभऱ्यावर हरभरा, मध्ये सोयाबीन, हा क्रम मॅक्रोफोमिनाला बारमाही पंगत वाढण्यासारखा आहे. दोन्ही पिकं तिचीच. नगदी हिशेबात तो क्रम मोडणं अवघड आहे हे मला कळतं. तरी चार-पाच वर्षांतून एकदा तरी तो मोडावा लागेल.

ट्रायकोडर्माबद्दल फार विचारणा असते. बियाण्याला तो जरूर लावावा. पेरणीच्या काळात मानकूज आणि मर यांच्याविरुद्ध तो काम करतो. मात्र ही मित्रबुरशीही सजीव आहे. बहुतेक ट्रायकोडर्मा 25 ते 30 अंशांत जोमाने वाढतात, पस्तिशीच्या पुढे मंदावतात, आणि मॅक्रोफोमिना नेमकी तिथेच रंगात येते. दुकानात पत्र्याखाली उन्हाळाभर पडून राहिलेलं पाकीट घेऊ नये.

हे पुस्तक पूर्ण नाही. तूर, भुईमूग आणि केळी यांवरची प्रकरणं मुद्दाम छोटी ठेवली आहेत, कारण तापमानाला धरून झालेलं खात्रीचं काम त्यांत मला थोडंच सापडलं, आणि अंदाजाने पानं भरायची नव्हती. जनुक संपादनावरही मोजकंच लिहिलं आहे. सीबीपी60जी जनुकाचं बटण बदलण्याची युक्ती प्रयोगशाळेत चालली, मोहरीच्या कुळातल्या तेलबियांतही आशा दिसली. हरभऱ्याच्या शेतात ती उतरायला वेळ आहे.

वाचकांना एक काम सांगतो. मातीचा साधा थर्मामीटर शेतीसामानाच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडे मिळतो. हरभरा पेरताना तो बियाण्याच्या खोलीला खोचून सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमाराला आकडा बघा आणि वहीत लिहा. वाणाचं नाव, पेरणीची तारीख आणि पहिलं झाड वाळल्याचा दिवसही लिहा. ते झाड उपटून मूळ चिरा, आत रेघ आहे की काळे कण, तेही टिपा. चार ओळींची ही नोंद हंगाम संपल्यावर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात नेऊन द्या, आणि पुढचा वाण निवडताना तिथल्या माणसाला न कचरता विचारा: हा प्रतिकारक आहे, पण किती अंशांपर्यंत?